नाकाचा कौल

पेशवाईच्या काळात पुण्यास आलेल्या परराज्याच्या वकिलाला, दरबारातील आपली भेट आटोपली आहे, हे कोणी तोंडाने सांगत नसे. खलित्यांची देवघेव झाली, क्षेमकुशल विचारून झाले, नजराणे आणि पोशाख यांची कारकुनांनी टिपणे घेतली, की सेवक अत्तरदाणी, गुलाबदाणी आणि विड्यांचे तबक घेऊन पुढे होत. पाहुण्याच्या हाताला अत्तर लागे, अंगावर गुलाबपाण्याचा शिडकावा होई, आणि विडा हाती पडताच निरोप मिळाला असे समजून त्याने उठावे, असा शिरस्ता होता. 1786 साली इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून पुण्यास आलेल्या चार्ल्स मॅलेटला ज्या दरबारी रीतिरिवाजांत वावरावे लागले, त्यांपैकीच हा एक. पुढे 1818 साली इंग्रजांनी पेशव्यांचे राज्य खालसा केले. पण हा शिरस्ता मात्र त्यांनी खालसा केला नाही, उलट त्याला अधिक काटेकोर केले. मोठ्या दरबारांत प्रमुख संस्थानिकाला अत्तर-पान खुद्द गव्हर्नर जनरल किंवा गव्हर्नर देई, त्याच्याबरोबरच्या मंडळींना ते सेक्रेटरीच्या किंवा त्याच्या दुय्यम अधिकाऱ्याच्या हातून मिळे, आणि अत्तर कोणाच्या हातून मिळाले यावरून माणसाचा मर्तबा चारचौघांत जाहीर होई. दख्खनच्या सरदारांची पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गात विभागणी करून त्यांच्यासाठी स्वतंत्र एजंट नेमणाऱ्या सरकारला अत्तराच्या एका बोटाचे वजन चांगलेच ठाऊक होते.

या रिवाजातली एक गोष्ट सहसा नजरेतून निसटते. सुगंध पुरवण्याची जबाबदारी यजमानाची होती, पाहुण्याची नव्हे. आणि तो मिळे भेटीच्या अखेरीस, म्हणजे माणसाची पारख होऊन गेल्यावर. उन्हातान्हातून घोडा दामटीत आलेला मुत्सद्दी आणि पालखीतून उतरलेला सरदार हे दोघेही दरबारातून बाहेर पडताना एकाच गुलाबाच्या वासाचे झालेले असत. आजच्या पुण्यात हा क्रम पुरता उलटला आहे. हिंजवडीच्या, खराडीच्या किंवा मगरपट्ट्याच्या काचमहालांत नोकरीच्या मुलाखतीसाठी पाऊल ठेवणाऱ्या उमेदवाराने सुगंध घरून आणायचा असतो, तो दाराशीच हजर करायचा असतो, आणि त्याची पारख सुरू होते ती, कोणी कबूल करो वा न करो, तेथूनच.

जुलै महिन्यातली अशी एखादी सकाळ डोळ्यांपुढे आणावी. उमेदवार सिंहगड रस्त्यावरून दुचाकीने निघालेला असतो. इस्त्रीच्या सदऱ्यावर प्लॅस्टिकचा रेनकोट असल्यामुळे बाहेरचा पाऊस आत येत नाही, पण आतला घामही बाहेर जात नाही. हेल्मेटच्या अस्तरात कालच्या पावसाची ओल मुरलेली असते. नवले पुलाशी महामार्गाला लागल्यापासून वाकडपर्यंत मालमोटारींचा धूर सोबतीला असतो. मग दारावरची नोंदवही, गळ्यात अडकवायचा बिल्ला, आणि हाडे गोठवणारा वातानुकूलित दिवाणखाना. अर्ध्या तासाने एका लहानशा, खिडकी न उघडणाऱ्या खोलीत त्याला बोलावले जाते, जिथे तीन परीक्षक कॉफीचे पेले समोर ठेवून बसलेले असतात. तो नमस्कार करतो, खुर्ची पुढे ओढतो. तोंडातून पहिला शब्द निघण्यापूर्वी त्याच्याविषयीची बरीचशी माहिती टेबलाच्या पलीकडे पोहोचलेली असते.

ती पोहोचते कशी, हे शास्त्राने गेल्या काही दशकांत बरेच उलगडले आहे. वास म्हणजे कोणत्याही पदार्थातून उडून हवेत मिसळलेले रेणू. ते नाकाच्या पोकळीच्या अगदी वरच्या भागात, ओलसर त्वचेत विरघळतात आणि तेथील पेशींच्या टोकांवरील ग्राहक प्रथिनांना जाऊन भिडतात. या ग्राहकांची जनुके लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी 1991 साली शोधून काढली आणि त्याबद्दल 2004 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात अशा चालू स्थितीतल्या ग्राहकांचे सुमारे 400 प्रकार आहेत; एकेक रेणू त्यांपैकी अनेकांना कमीअधिक प्रमाणात चेतवतो, आणि कोणकोणते ग्राहक चेतले त्या मेळावरून मेंदू वास ओळखतो. हे झाले यंत्र. खरी मौज त्याच्या मार्गात आहे. डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले प्रथम मेंदूतील थॅलॅमस या केंद्रात जाते आणि तेथून पुढे वाटले जाते. वासाचा संदेश मात्र मेंदूतील गंधकंदातून थेट भावना आणि स्मृती यांच्याशी निगडित असलेल्या भागांत, विशेषतः अमिग्डालात, जाऊन पोहोचतो. इतर इंद्रियांच्या दरखास्ती आवक-जावक बारनिशीत नोंदल्या जाऊन, शेरे पडून साहेबांपुढे जाव्यात, आणि वासाची चिठ्ठी तेवढी मागच्या दाराने परस्पर त्यांच्या दिवाणखान्यात पोहोचावी, असा हा प्रकार आहे. म्हणूनच वासाबद्दल माणसाला आधी आवड किंवा नावड वाटते, आणि तो कशाचा आहे याचा उलगडा मागाहून होतो, कधी कधी मुळीच होत नाही.

आता शरीराकडे वळू. घाम वाईट, अशी सार्वत्रिक समजूत असली तरी ताज्या घामाला जवळजवळ वासच नसतो. अंगभर पसरलेल्या ग्रंथींतून पाझरणारा घाम बहुतांशी पाणी आणि मीठ एवढाच असतो; काखेतल्या ग्रंथी मात्र निराळ्या जातीच्या असून त्या वयात आल्यावर कार्यान्वित होतात आणि त्यांच्या स्रावात स्निग्ध व प्रथिनयुक्त द्रव्ये असतात. या द्रव्यांवर त्वचेवरचे जिवाणू, मुख्यतः कोरायनेबॅक्टेरियम आणि स्टॅफिलोकॉकस या कुळांतले, ताव मारतात, आणि त्यातून जी आम्ले व गंधकयुक्त संयुगे तयार होतात त्यांना आपण अंगाचा वास म्हणतो. उमेदवाराच्या दृष्टीने वाईट गोष्ट अशी, की या काखेतल्या ग्रंथींना उन्हापेक्षा भीतीची आणि ताणाची चेतना अधिक लागते. 2009 साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. त्यात विमानातून पहिल्यांदाच उडी घेणाऱ्यांचा घाम आणि नुसता व्यायाम करणाऱ्यांचा घाम वेगवेगळा गोळा करून परक्या माणसांना हुंगवण्यात आला, तेव्हा उडीच्या घामाने त्यांच्या मेंदूतील अमिग्डाला अधिक चेतल्याचे दिसून आले, आणि तेही हुंगणाऱ्यांना दोन वासांतला फरक सांगता येत नसताना! मुलाखतीला बसलेल्याचा धसका परीक्षकापर्यंत निव्वळ थरथरत्या आवाजातूनच पोहोचतो असे धरून चालता येणार नाही.

पुण्याच्या पावसाळ्यात यात कपड्यांची भर पडते. साबण लावून धुतलेला, वरवर स्वच्छ दिसणारा, पण चार दिवस दोरीवर ओलसर लोंबत राहिलेला सदरा अंगात घातला आणि अंगाची ऊब लागली, की त्याला जो कुबट वास सुटतो तो मळाचा नव्हे. 2012 साली जपानी संशोधकांनी या वासाच्या मुळाशी असलेले एक विशिष्ट आम्ल आणि ते तयार करणारा मोराक्सेला ऑस्लोएन्सिस हा जिवाणू दाखवून दिला; तो कोरडेपणालाही सहसा दबत नाही, आणि धुलाईतून वाचून राहिला की ओल मिळताच पुन्हा कामाला लागतो. कपडा जितका लवकर वाळेल तितकी त्याला फुरसत कमी, एवढाच याचा व्यवहारी अर्थ. लसणीचे प्रकरण याहून हट्टी आहे, कारण तिच्यातून निघणारे एक गंधकयुक्त द्रव्य रक्तात उतरते आणि फुप्फुसांवाटे कितीतरी तास बाहेर पडत राहते, त्यामुळे आदल्या रात्री ठेचा-भाकरी खाल्लेल्याने सकाळी दोनदा दात घासले तरी त्याचा उपयोग बेताचाच होतो.

या सगळ्यात सर्वांत अन्यायाची गोष्ट ही, की ज्याच्या अंगाला वास येतो त्यालाच तो येत नाही. नाक सतत मिळणाऱ्या वासाला थोड्याच वेळात सरावते आणि मग त्याची दखल घेणे सोडून देते. अत्तराच्या बाबतीतही नियम तोच, म्हणून रोज तेच सुगंधी द्रव्य वापरणारा माणूस, ते आपल्याला जाणवेनासे झाले म्हणून, दिवसेंदिवस त्याचे प्रमाण वाढवीत जातो आणि लिफ्टमधल्या लोकांना श्वास धरून ठेवावा लागतो.

माणसाबद्दलचे पहिले मत किती झटपट बनते यावर मानसशास्त्रज्ञांनी पुष्कळ लिहिले आहे. प्रिन्स्टन विद्यापीठातील विलिस आणि तोदोरोव्ह यांनी 2006 साली दाखवले, की अनोळखी चेहरा सेकंदाच्या दहाव्या भागाइतका वेळ पाहूनही माणसे त्याच्या विश्वासार्हतेविषयी मत बनवतात आणि अधिक वेळ दिला तरी ते फारसे बदलत नाही. वास या घाईत कोणती भूमिका बजावतो? इथे दोन प्रयोग मला विशेष महत्त्वाचे वाटतात, कारण दोन्ही आपल्या भाबड्या अपेक्षेच्या विरुद्ध जातात.

पहिला 1983 सालचा, रॉबर्ट बॅरन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा. त्याने नोकरीच्या बनावट मुलाखती घडवून आणल्या. त्यात उमेदवार म्हणून बसलेल्या स्त्रीपुरुषांनी कधी सुगंधी द्रव्य लावले होते, कधी नव्हते. चांगल्या वासाने मत चांगले होईल ही अपेक्षा अर्धीच खरी ठरली. मुलाखत घेणाऱ्या स्त्रियांनी सुगंध लावलेल्या उमेदवारांना वरचे गुण दिले, पण पुरुषांनी नेमके त्याच उमेदवारांना खालचे दिले. सुगंधाकडे दुर्लक्ष करून उमेदवाराकडे पाहणे पुरुष परीक्षकांना अधिक जड गेले असावे, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. तात्पर्य असे, की 'यशाचा सुवास' म्हणून बाटली विकणारा जाहिरातदार निदान निम्म्या परीक्षकांच्या बाबतीत गिऱ्हाइकाचे नुकसानच करीत असतो.

दुसरा प्रयोग 2007 साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात वेन ली आणि तिच्या सहकाऱ्यांनी केला, आणि माझ्या मते या सर्व विषयाचे मर्म त्यातच आहे. काही माणसांना निर्विकार चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून ती कितपत आवडली हे विचारले. त्याआधी प्रत्येक वेळी लिंबाचा, घामाचा किंवा तटस्थ असा एखादा वास हुंगायला दिला, पण तो इतका विरळ की बहुतेकांना काही हुंगले याचा पत्ताही लागू नये. ज्यांना वास कळला नाही त्यांच्या मतावर वासाचा परिणाम झाला, लिंबानंतरचे चेहरे त्यांना अधिक आवडले आणि घामानंतरचे कमी. ज्यांना मात्र वासाची चाहूल लागली त्यांच्या मतावर त्याचा असा परिणाम दिसला नाही. परीक्षकाच्या नाकाला जो वास झोंबतो तो उमेदवाराला तितका घातक नसतो, कारण परीक्षक त्याला ओळखतो, मनात बाजूला ठेवू शकतो, आणि सभ्य असेल तर ठेवतोही. घातक तो वास, जो कोणालाच जाणवत नाही. मुलाखत संपल्यावर समितीतला एखादा गृहस्थ पेन्सिल टेबलावर आपटीत म्हणतो, "हुशार आहे, पण का कोण जाणे, मनाला पटला नाही," त्या 'का कोण जाणे'मध्ये आवाज, बोलीचा हेल, आडनाव, बुटांची स्थिती अशा अनेक गोष्टी दडलेल्या असतात, हे आपण जाणतो. त्या यादीत वासाचीही नोंद करावयास हवी.

हस्तांदोलनाबाबतही एक चमत्कारिक निरीक्षण आहे. इस्राएलमधील वाइझमन संस्थेतल्या नोआम सोबेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2015 साली लोकांचे गुप्तपणे चित्रण केले तेव्हा असे दिसले, की आपल्याच लिंगाच्या परक्या व्यक्तीशी हात मिळवल्यानंतर माणसे तोच हात नकळत नाकाशी अधिक वेळा नेतात. आपल्याकडील लग्नकार्यात हाताच्या पाठीवर अत्तर लावून घेतलेला प्रत्येक पाहुणा काय करतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला यात नवल वाटू नये. फरक इतकाच, की आपण ते उघडपणे करतो आणि त्याला रीत म्हणतो.

सुगंधाच्या या विषयात पुण्याची विद्वत्ताही मागे राहिलेली नाही, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे 1919 पासूनचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी, डोळ्यांसमोरच्या हस्तलिखितांच्या राशींतून, भारतीय गंधशास्त्राचा इतिहास 1940 च्या दशकात अक्षरशः उकरून काढला. गंगाधराचा 'गंधसार' आणि अज्ञात कर्त्याचा 'गंधवाद' हे दोन ग्रंथ त्यांनी अभ्यासकांच्या नजरेस आणले, आणि त्यांपैकी 'गंधवादा'वर जुन्या मराठीत टीका आहे. म्हणजे सुगंधी द्रव्ये कशी सिद्ध करावीत हे मराठीतून समजून घेण्याची गरज कोणाला तरी कित्येक शतकांपूर्वी भासली होती. 'गंधसारा'त भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन अशा सहा प्रक्रिया सांगितल्या आहेत: चूर्णाला द्रवाची पुटे देण्यापासून फुलांच्या संगतीत ठेवून वास मुरवण्यापर्यंत. त्याच्याही पूर्वी, सहाव्या शतकात, वराहमिहिराने 'बृहत्संहिते'तील गंधयुक्तीच्या प्रकरणात 16 द्रव्यांतून चार-चार निवडून आणि त्यांचे भाग बदलून 1,74,720 गंध होतात असा हिशेब मांडला. चार द्रव्यांचे 1,820 गट आणि प्रत्येकाचे 96 भेद, हा गुणाकार आजच्या शाळकरी मुलानेही ताडून पाहावा. आणि बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने 'मानसोल्लासा'त राजाने कोणत्या ऋतूत कोणती उटी लावावी याचे बैजवार वर्णन केले. आपल्या पूर्वजांना ऋतूप्रमाणे गंध बदलावा हे कळत होते. बारमाही एकच फवारा मारणाऱ्या आपल्याला ते कळत नाही, असे म्हणण्याचा मोह होतो, पण राजाला मुलाखत द्यावी लागत नव्हती हेही खरे.

गोड्यांची संस्था विधी महाविद्यालयाच्या रस्त्यावर. तेथून फार दूर नाही ते पाषाण, जिथे 3 जानेवारी 1950 रोजी राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. सुगंधी तेलांवरील संशोधन हे या प्रयोगशाळेच्या आरंभीच्या कामांपैकी एक. तेथील एस. सी. भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, लाखेपासून मिळणाऱ्या आम्लासारख्या देशी कच्च्या मालातून कस्तुरीच्या वासाची मोठ्या वलयाची संयुगे बनवण्याच्या रीती शोधल्या, आणि सुख देव यांना सुगंधी तेलांच्या रसायनाबद्दल 1980 साली अमेरिकन केमिकल सोसायटीचा अर्नेस्ट गुंथर पुरस्कार मिळाला. कस्तुरीमृगाची शिकार न करता कस्तुरीचा वास मिळणे ही अशा रसायनशास्त्राची देणगी आहे. व्यापाराच्या बाजूला, केळकर कुटुंबाने 1922 साली मुंबईत सुरू केलेली एस. एच. केळकर आणि कंपनी ही सुगंधद्रव्यांच्या धंद्यात नावारूपाला आलेली मराठी पेढी आहे. मराठी माणूस गंधाच्या बाबतीत अरसिक, हा आरोप निदान कागदोपत्री टिकणारा नाही.

अत्तर आणि आजचा फवारा यांत जो भेद आहे तो रुचीचा कमी आणि भौतिकशास्त्राचा अधिक आहे. पेठांतल्या जुन्या अत्तरवाल्याच्या दुकानात जाऊन पाहावे. तो कुपीचे काचेचे बूच फिरवून काढतो, बुचाची निमुळती दांडी मनगटाच्या मागच्या बाजूला हळूच टेकवतो, चोळू देत नाही, आणि "जरा थांबा, आता घ्या," असे म्हणून मगच हुंगायला सांगतो. मागितले तर काडीला कापूस गुंडाळून फाया करून देतो, जो जुनी माणसे कानाच्या पाळीच्या आतल्या खोलगट जागेत ठेवीत. परंपरागत अत्तर चंदनाच्या तेलावर उतरवलेले असते. ते तेल सावकाश उडते आणि आपल्याबरोबर फुलाच्या वासालाही धरून ठेवते, म्हणून फाया दिवसभर टिकतो, पण त्याचा अंमल हातभर अंतरापलीकडे क्वचितच जातो. फवाऱ्यातले अल्कोहोल क्षणात उडते आणि उडताना सुगंध खोलीभर फेकते. मोकळ्या दिवाणखान्यात हे शोभून जाते. तीच ती हवा फिरवणाऱ्या बंद वातानुकूलित खोलीत तो परीक्षकांवर लादलेला पाहुणचार होतो. मुलाखतीला जाणाऱ्याने काही लावायचेच असेल, तर टेबलाच्या पलीकडे न पोहोचेल इतके लावावे, हा सल्ला मी निःशंकपणे देतो.

मग लावावे तरी कशाला, असा प्रश्न येईल. त्याचे उत्तर लिव्हरपूल विद्यापीठातील क्रेग रॉबर्ट्स आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या 2009 सालच्या प्रयोगात सापडते. काही तरुणांना सुगंधी दुर्गंधनाशक फवारा दिला, काहींना तसाच दिसणारा पण गुणहीन फवारा दिला; पहिल्यांचा आत्मविश्वास वाढला. पुढे या सर्वांच्या निःशब्द चित्रफिती स्त्रियांना दाखवल्या, तेव्हा वास पोहोचण्याचा संभवच नसताना पहिल्यांनाच अधिक पसंती मिळाली. म्हणजे सुगंधाने जो बदल घडवला तो लावणाऱ्याच्या बसण्या-उठण्यात घडवला. कानातल्या फायाचे खरे गिऱ्हाईक तो कानच.

आणखी एक गोष्ट. वास चांगला की वाईट हे बऱ्याच अंशी शिकलेले असते. 1709 पासून जर्मनीतल्या कोलोन शहरात बनत आलेले जे सुगंधी पाणी युरोपात सभ्य गृहस्थाची खूण मानले गेले, ते आपल्याकडच्या एका पिढीच्या नाकाला तापाची आठवण करून देते, कारण कपाळावर कोलनवॉटरच्या घड्या ठेवूनच ती पिढी वाढली. मोगऱ्याचा गजरा माळून वर्गावर जाणाऱ्या शिक्षिकेला पुण्यात कोणी नावे ठेवली नाहीत. तोच गजरा माळून एखादी मुलगी काचमहालातल्या मुलाखतीला गेली तर तिच्याविषयी 'घरगुती' असा शेरा मनातल्या मनात पडण्याचा संभव आहे, आणि खोबरेल तेल चोपून बसवलेल्या केसांचीही तीच गत. त्या खोलीतल्या परीक्षकाची आजी मात्र याच दोन वासांची असते.

येथे प्रश्न नाकाचा न राहता न्यायाचा होतो. सदाशिव, नारायण आणि आसपासच्या पेठांत राज्यभरातून आलेली हजारो मुले स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासासाठी 'कॉट बेसिस'वर राहतात: एका खोलीत चार-पाच खाटा, एक मोरी, ठराविक वेळेपुरते पाणी, खानावळीच्या डब्याचा वास, आणि खोलीतच आडव्या बांधलेल्या दोरीवर, रात्रभर पंखा लावून वाळत घातलेला मुलाखतीचा एकुलता एक पांढरा सदरा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत 2025 पैकी 275 गुण मुलाखतीचे असतात, आणि निवड व्हायची की नाही, आवडीची सेवा मिळायची की नाही, हे पुष्कळदा त्यांतल्या थोड्याशा गुणांवर ठरते. त्या सदऱ्याला कुबट वास असेल तर तो मुलाच्या अस्वच्छतेचा पुरावा नसून खोलीच्या भाड्याचा आहे. श्रीमंत आणि गरीब यांच्यातली भिंत वासाने बांधलेली असते, आणि ती लहानपणीच शिकवली जाते, हे विलायतेतील मध्यमवर्गाबद्दल जॉर्ज ऑर्वेलने 1937 साली लिहून स्वकीयांचा रोष ओढवून घेतला होता; आपल्याकडे तर या भिंतीला जातीचे चिरे बसवलेले आहेत, आणि कोणाच्या घरात काय शिजते यावरून नाक मुरडण्याची कला आपण फार पूर्वीपासून अवगत केली आहे. घर भाड्याने देताना हे नाक उघडपणे वापरले जाते. मुलाखतीत ते गुपचूप वापरले जात नसेल, असे मानायला आधार नाही.

उलट बाजूही आहे, आणि ती टाळून चालणार नाही. तीव्र सुगंधाने काहींना दम लागतो, डोके उठते. अमेरिकेत डेट्रॉइट शहराच्या एका कर्मचारी स्त्रीने, सहकारिणीच्या सुगंधी द्रव्यांमुळे आपल्याला काम करणे अशक्य होते अशी फिर्याद केली आणि 2010 साली तिला 1,00,000 डॉलरची तडजोड मिळाली. कॅनडातील हॅलिफॅक्स येथे तर अनेक सार्वजनिक ठिकाणी सुगंध लावून येऊ नये असा दंडक रूढ झाला. आपल्याकडे उदबत्ती लावून दिवस सुरू करणाऱ्या कचेऱ्यांना हा दंडक मानवणार नाही, आणि मानवावा असेही मला वाटत नाही.

मग करावे काय? उमेदवारापुरते सांगायचे तर फार थोडे: स्नान, वाऱ्यावर नीट वाळलेला सदरा, रेनकोट काढून दहा मिनिटे पंख्याखाली बसता येईल इतके आधी पोहोचणे, आणि आदल्या रात्री लसणीशी वैर. बाकीचे काम टेबलाच्या पलीकडच्यांचे आहे. सर्व उमेदवारांना तेच आणि त्याच क्रमाने प्रश्न विचारणे, प्रत्येक उत्तराचे गुण तेथल्या तेथे मांडणे आणि 'एकंदर छाप' या रकान्याला शेवटी व कमीत कमी वजन देणे, ही आखीव मुलाखतीची पद्धत मोकळ्या गप्पांपेक्षा माणसाची पुढली कामगिरी अधिक अचूक सांगते, हे निवडशास्त्रात गेली कित्येक दशके मान्य झालेले आहे. तिचा एक अनुषंगिक लाभ असा, की नाकाला मत मांडायला जागा उरत नाही. दोन उमेदवारांच्या मध्ये पाच मिनिटे दार उघडे ठेवण्यासही काही खर्च येत नाही.

पुण्यातील कंपन्यांच्या, महाविद्यालयांच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या व्यवस्थापकांना एवढीच विनंती, की ज्या बाकावर उमेदवाराला दोन-दोन तास बसवून ठेवले जाते त्याच्या जवळ त्यांनी हातपाय धुण्याची जागा, साबण, कोरडा पंचा, ओला रेनकोट टांगायला खुंटी आणि चालू स्थितीतला पंखा यांची तजवीज येत्या पावसाळ्यापूर्वी करावी.